विसाराची साक्ष

तामलवाडी, रविवार, माघ वद्य चतुर्थी, शके १८६५

आज खोटं बोललो. इथं तरी खरं लिहितो.

शिवाप्पानं माझ्यासमोर माझ्या व्याह्यांच्या हातावर शेताचा विसार ठेवला होता. कागद केला न्हाय. मी होतो ना साक्षीला! आता व्याह्यांनी शेत दुसऱ्यालाच विकलं. म्हणतात, विसार घेतलाच न्हाय.

आज त्यांच्या ओसरीवर शिवाप्पा मला म्हणाला, "अण्णा, तुम्हीच सांगा." दारात माझी लेक पाण्याचा तांब्या घेऊन उभी. व्याही तिच्याकडं बघत होते, माझ्याकडं न्हाय.

"आठवत न्हाय," म्हणालो. काय करणार होतो? लेक तिथंच नांदायची.

वाटलं, शिवाप्पा शिव्या घालील. त्यानं लेकीच्या हातातला तांब्या घेतला, पाणी प्याला अन् म्हणाला, "सुखानं नांद, माय."