वासराच्या गळ्यात सुरगाठ

३ जाने., शनि.
जिंकलो! डेअरीच्या सुवर्णमहोत्सवाचा लोगो माझाच. स्काउटच्या तासाला मगदूम सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. वासराचं तोंड, भोवती दाव्याचा गोल, गळ्याखाली गाठ. सरांनीच शिबिरात शिकवलेली. गावात तिला निरगाठ म्हणतात. कितीही ओढा, गळ्याला आवळत नाही. डेअरीने आपल्याला असंच धरलंय, असं चित्राखाली लिहिलं होतं.

८ जाने., गुरु.
डोकं फिरलंय. डेअरीसमोर फ्लेक्स लागला. वासरू माझं, दावं माझं, गाठ भलतीच! सुरगाठ काढलीय. ओढली की आवळणारी. वासराच्या गळ्यात! आणि खाली ठळक अक्षरात माझं नाव, 'स्काउट, इ. ९ वी'.
फ्लेक्सवाला म्हणे, "तुझी लई किचकट हुती. ही सुटसुटीत दिसती की."
अख्खं गाव दूध घालायला त्या फ्लेक्सखालून जातं. एकालाही दिसत नाही?

९ जाने., शुक्र.
सरांना घेऊन डेअरीत चेअरमनकाकांकडे गेलो.
काका म्हणाले, "आरं, चितरातलं वासरू मरतंय व्हय?"
सगळे हसले. सरही. सरांचा जास्त राग आला. शिबिरात गाठ चुकली म्हणून याच सरांनी मला मैदानभर पळवलं होतं. म्हणालो, मग माझं नाव काढा. तर काका म्हणे, "पिशव्या, कॅलेंडर, समदं छापून झालंय. गप बस."

११ जाने., रवि.
आप्पा धार काढत होते. त्यांना सांगितलं.
"मला फ्लेक्स लागला तवाच दिसलं."
मग बोलला का नाही?
"चेअरमनच्या तोंडाला कोण लागणार?"
म्हणजे सगळ्यांनाच दिसलंय, माझ्या वडिलांनाही. आंधळे असते तर परवडलं असतं. जेवलो नाही. आईने ताट झाकून ठेवलं.

१८ जाने., रवि.
आज डेअरीचा सुवर्णमहोत्सव झाला.
स्टेजजवळ फोटोसाठी चेअरमनकाकांची कालवड आणली, झूल घालून. फोटोवाल्याला हुबेहूब लोगोसारखं हवं होतं. गड्याने निमूट तसलीच सुरगाठ गळ्यात घातली. हलगी कडाडली, कालवड बुजून मागे सरकली, दावं आवळलं. जीभ बाहेर. आणि हे शहाणे "धर, धर" करत आणखी ओढतायत!
घुसलो. मध्ये चेअरमनकाका होते, त्यांना ढकललं. फेटा पडला. बोटं घालून गाठ सोडवली, निरगाठ मारली. कालवड खोकत उभी राहिली.
वाटलं, आता तरी कोणीतरी बोलेल. काका फेटा झटकत ओरडले, "मस्ती आलीया का रं?" सर म्हणाले, आधी माफी माग.
कालवडीची मागतो, म्हणालो आणि निघून आलो. बक्षीस तिथंच राहिलं.

१९ जाने., सोम.
सरांनी निरोप दिला. उद्या डेअरीत सगळ्या संचालकांसमोर माफी मागायची. नाहीतर बक्षीस रद्द, स्काउटमधूनही नाव कमी. म्हणालो, आधी लोगोवरचं कमी करा. वर्गाबाहेर उभं केलं. केलं तर केलं.
संध्याकाळी आप्पा डेअरीवरून आले. किटली भरलेलीच.
"दूध घेतलं न्हाय व्हय?" आईने विचारलं.
"मीच घातलं न्हाय."
आईने चुलीवर मोठं पातेलं चढवलं. आप्पांनी पाय धुतले, दारात बसले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या किती वाजता बलावलंय रं आपल्याला?"