दुसऱ्या पसंतीचं एक मत

३ फेब्रुवारी, गेवराई
शिक्षणसंस्थेच्या बदली समितीची निवडणूक लागली. जागा तीन. दरवेळी तिन्ही अध्यक्ष विजयसिंहांच्या पॅनलकडे. यंदा धारूर शाखेत बदलीसाठी माझं नाव चर्चेत आहे म्हणे. लेक संस्कृती जूनमध्ये दहावीत जाणार, तिला इथे एकटी कशी ठेवू? पण मी घाबरलेले नाही. राज्यशास्त्र शिकवते मी.

५ फेब्रुवारी
सभेत बोलले. आवाज कापला, पण तो माइक तसाच आहे. सांगितलं, आपल्या पद्धतीत निम्म्याहून जरा जास्त मतं असलेला गट सगळंच नेतो. मतांच्या प्रमाणात जागा हव्यात. यादीपद्धत मात्र नको. यादी पॅनलप्रमुख करणार आणि माझं नाव तळाला. पसंतीक्रम बरा. नावांपुढे १, २, ३ लिहायचं. निवडून आलेल्याची जादा मतं दुसऱ्या पसंतीकडे जातात.
विजयसिंह हसले. म्हणाले, "मॅडम लई अभ्यासू हायत. करा त्यांच्याच पद्धतीनं."
हसले कशाला? जेवण गेलं नाही. पित्त असेल.

९ फेब्रुवारी
अर्ज भरला. पॅनलचे तिघं, विरोधी गटाचे जाकीर सर आणि मी, अपक्ष. स्टाफरूममध्ये जो तो कानाशी येऊन सांगतो, "पहिली अडकलीय ताई, पण दुसरी तुमालाच." भामाबाई तर शपथ घेऊन गेल्या. इतकी माणसं आपल्यामागे आहेत हे ठाऊकच नव्हतं. डोळे भरून आले.

१४ फेब्रुवारी
मतदान. पेटीशेजारी विजयसिंह चष्मा पुसत उभे. पेन हातातून सटकत होतं, हल्ली पेनं चांगली मिळत नाहीत. १ लिहिला पॅनलच्या अमरसिंह सरांपुढे. भीतीने नव्हे. त्यांची जादा मतं माझ्याकडेच वाहणार, हा डावपेच. २ स्वतःपुढे.

१५ फेब्रुवारी
पॅनलला दोन जागा, जाकीर सरांना एक. माझी पद्धत यशस्वी! मला पहिल्या पसंतीचं मत एकही नाही. दुसऱ्या पसंतीचं एक. विजयसिंहांनी ती मतपत्रिका उजेडात धरली. म्हणाले, "हा दोनचा आकडा लई सुबक हाय. फळ्यावर बघितल्यासारखा वाटतोय." सगळे हसले. मीही हसले, जरा आधीच.

२० फेब्रुवारी
समिती बसली. जाकीर सर माझ्यासाठी टेबल आपटून बोलले म्हणे. अल्पमताला आवाज मिळाला. मग दोन विरुद्ध एक मताने बदली झाली. जूनपासून धारूर. हवा चांगली आहे तिथली.
संस्कृतीने विचारलं, "आई, तू तुझं मत तुलाच कावून नाही दिलंस?"
मतदान गुप्त असतं, म्हटलं.