डबा काय ऐकतो

३ डिसेंबर
बल्ब लागला! लागला!!

वच्छलाबाई पाचोडहून आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. पिशवीत मोटरीचा स्मार्ट डबा. फोनवरून विहिरीची मोटर चालू-बंद करतो तो. कंपनीनं ॲपच बंद करून टाकलं — नवा डबा घ्या म्हणे. "माय, चांगला डबा फेकू का मी?" मी नेहमीसारखी खाली मान घालून. पण त्यांचा फोन चाळला. ॲप डब्यातल्या सिमला साधे मेसेजच पाठवायचं! जुने सगळे तसेच पडलेले. दुकानात मोटर कुठली — डब्याला बल्ब जोडला, तोच मेसेज हातानं टाकला. *११#. लख्ख!

४ डिसेंबर
सोमनाथमामाला म्हणलं, मेसेजची यादी करून सगळ्यांना देऊ. दुकान त्याचं. "येडी का काय! सगळ्यांना कळल्यावर औरंगपुऱ्यात आपल्याकडं कोण यील?" पण डबा लोकांचा ना? मग तो काय ऐकतो ते लोकांना कामून माहीत नको?

५ डिसेंबर
मामा गुलमंडीच्या बाजारात गेला. यादी लिहून शटरशेजारी भिंतीवर डकवली. एक डबा न्यायला आलेल्या वच्छलाबाईंना दिली, गावासाठी. डकवलीच!

९ डिसेंबर
कंपनीचा माणूस आला. "हे कोड कंपनीचे आहेत. काढा, नाहीतर नोटीस येईल." मामा त्याला चहा पाजतोय, मला डोळे वटारतोय. मी खाली मान घालून सोल्डर मारत बसले. जाताना त्यानंच कागद फाडला.

दुसरा लावला. शाळा आठवीत सुटली, लिहिणं नाय सुटलं!

१३ डिसेंबर
लई वाईट झालं. पाचोडला एकाचाबी डबा चालंना. वच्छलाबाई फोनवर — "समदे हसायलेत मला!" त्यांनी टाकलेला मेसेज मागवून बघितला. अगं बाई... यादीत मी आकडे मराठीत लिहिले! लोकांनी मराठी कीबोर्डवर तसेच टाकले. डब्याला 11 कळतं, ११ नाय.

मामा — "बघ! आता तरी काढ तो कागद."

नाय काढणार. चुकलं तर दुरुस्त करीन.

१४ डिसेंबर
नवी यादी. आकडे इंग्रजी, ठळक. वर लिहिलं, आधीची चूक माझी. खाली अर्धं पान कोरं — तुम्हाला काय सापडलं ते इथं लिहा. फोटो वच्छलाबाईंना धाडला.

१५ डिसेंबर
पाचोडला सात मोटरी चालू!

२१ डिसेंबर
वच्छलाबाईंची सून रत्नमाला आली. तिनं अजून एक जुना डबा शेतातल्या भोंग्याला जोडलाय! घरातून मेसेज टाकला की भोंगा वाजतो, रानडुकरं पसार. तिनं स्वतःच्या हातानं कोऱ्या जागेत लिहिलं, कसं जोडायचं ते. कोणीतरी अजून दोन मेसेज लिहून गेलंय. मला ते माहीतबी नव्हते. मामा उभा राहून वाचत होता. कागदाचा सुटलेला कोपरा तेवढा चिकटवला.

२४ डिसेंबर
कंपनीचा माणूस परत. आवाज एकदम बारीक — "बेटा, जुन्या डब्यांच्या कोडची यादी आमच्याकडंच राहिली नाही. बनवणारा सोडून गेला. एक कॉपी देतेस? कोणाला कळू न देता?"

"भिंतीवर हाय," मी म्हणलं. मोठ्यानं! "चोरून नाय देत मी कुणाला. लिहून घ्या."