गाणिगेरांचा मान

आप्पा, गेल्या सोमवारी मी तुमच्या गावाला जाऊन आले. कळंब्याला नव्हे. निपाणीच्या पुढे आहे, त्या गावाला.

तुमच्या लेखी असं गाव नव्हतंच. मी कॉन्व्हेंट शाळेत असताना आमच्या सिस्टरनी वर्गातल्या प्रत्येकीला मूळ गाव विचारलं होतं, आणि मी संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्हाला विचारलं. तुम्ही लेथवरचं काम संपवून आलेले, हातांना अजून तेलाचा वास, पाटावर बसून आमटी ओरपताय. "कळंबेकर म्हंजे कळंब्याचं. त्यात काय इचारायचं?" मी म्हटलं, त्याच्या आधी? तुम्ही वाटी खाली ठेवलीत. "आधी काय न्हाय. आपण हितलंच. परत इचारू नकोस." आई भाकरी थापायची क्षणभर थांबली, मग पुन्हा थापू लागली. मी दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून इंग्रजीत सांगितलं, आम्ही इथलेच.

लग्नात ते आडनावही मागे राहिलं. तुम्ही गेलात, मग आई गेली, आणि विचारायला घरात कुणी उरलं नाही. यंदा माझ्या मुलाचं लग्न झालं. पत्रिका छापून आल्या तेव्हा आत्या, तुमची धाकटी बहीण, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. पहिली अंबाबाईला, दुसरी जोतिबाला, असं चाललं असताना मध्येच म्हणाली, "आणि गाणिगेरांच्या बसवण्णाला कोण ठेवणार गं?" मी विचारलं, हे गाणिगेर कोण? "कोण म्हंजे? तू की!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

मग तिनं सगळं सांगितलं. तुमचे आजोबा मूळचे गाणिगेर, निपाणीपुढच्या त्या गावाहून गुळाच्या हंगामापुरते कळंब्याला आले होते. काहिलीतला रस नेमका कधी उतरवायचा हे त्यांना असं साधायचं, की गुऱ्हाळाच्या मालकानं त्यांना परत जाऊच दिलं नाही. इथल्यांच्या तोंडी ते गुळवे झाले आणि तेच आडनाव पडलं. पुढे तुम्हाला पोरं कानडी गुळव्या म्हणून चिडवायची, म्हणून शहरात आल्यावर तुम्ही कळंबेकर लावलंत. "दादाला लाज वाटायची त्या नावाची," आत्या म्हणाली. मला ते पटलं. पटलं तरी आत कुठेतरी बोचत राहिलं, आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तिथे जत्रा असते हे कळल्यावर गाडी करून एकटीच निघाले.

देऊळ लहानसंच आहे. तिथे मानाचे नारळ घराच्या नावानं पुकारतात, आणि त्या घरातल्या माणसानं पुढे होऊन फोडलेल्या नारळाची एक वाटी घ्यायची असते. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. कुठल्या पावण्या, म्हणाली. मी कोल्हापूर सांगितलं, तुमचं नाव सांगितलं. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "लेथवाल्या आप्पांची लेक व्हय तू? दरसाल यायचे की! एस्टीनं यायचे, मान घ्यायचे, च्या पिऊन उलट्या पावली जायचे. तुला सांगितलं न्हाय?"

नाही सांगितलं, आप्पा. पण आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीवरची ती खोबऱ्याची वाटी मला दिसते आहे. करवंटीवर भस्माची बोटं आहेत. "कागलला पार्टीकडं गेलतो, दिला कुणीतरी," तुम्ही म्हणता, आणि आई काही न विचारता ओल्या फडक्यानं ती बोटं पुसते. त्या खोबऱ्याची चटणी मी दरवर्षी खाल्ली आहे.

"गाणिगेर!" पुजाऱ्यानं पुकारलं. तुम्ही गेल्यापासून गाणिगेरांच्या शेजारच्या घरचा माणूस तो नारळ घेतो म्हणे. तो उठतच होता. म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं. "ऊठ की गं!" मागून कुणीतरी म्हणालं, "लेकीला मान चालतोय व्हय?" तिनं मागे न बघताच उत्तर दिलं, "न्हाय चालत तर तुझ्या बायकोनं मानाचं आणलेलं खोबरं परत आणून दे. तिच्या बापाच्या घरचंच खाल्लंस की आजवर." लोक हसले. शेजारचा माणूस खाली बसला. मी उठले आणि पदर पसरला.

तुम्हाला लाज होती का, एवढंच बघायला मी गेले होते. परत येताना तो प्रश्न उरला नव्हता. घरी पोचल्यावर सगळ्यांना बोलावून सांगायचं, आत्याला तर आधी फोन करायचा, असं वाटभर मनात घोळवत होते.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून पुढचं लिहिते. सुनेनं पिशवी रिकामी करताना वाटी हातात घेतली. करवंटीवर भस्माची बोटं होती. "आई, हा नारळ कुठला?"

"कागलला गेले होते एका कामाला," मी म्हटलं. "दिला कुणीतरी."