नाव घातलेला चार्जर

तीर्थस्वरूप मामांना, इथून जमेल तितकं वाकून साष्टांग नमस्कार.

पाकीट पाहून दचकू नका. कोणी गेलेलं नाही, मला काही झालेलं नाही आणि माझं लग्नही ठरलेलं नाही (हे शेवटचं मामीला दोनदा वाचून दाखवा). तुमचा गुडघा कसा आहे? मामीचं पित्त? दुकानात कुकर खपतायत, की लोक नुसतं झाकण वाजवून बघतात आणि जातात? माझं सगळं उत्तम चाललंय. वजन जरा उतरलंय, पण ते स्वतःच्या हातचं खातो म्हणून. हाताने पत्र का, असं विचाराल तर अक्षर बिघडू नये म्हणून.

गेले दोन रविवार माझा व्हिडिओ कॉल आला नाही. मित्रांकडे जेवायला होतो असं मी मामीला फोनवर सांगितलं, ती शुद्ध थाप होती. लॅपटॉपचा चार्जर गेला होता. चार्जर काय, कोणाचाही जातो. पण नवा मिळायला मला बारा दिवस लागले, आणि त्याचं निम्मं श्रेय तुमचं, निम्मं मामीचं.

मी निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही माझं सामान दुकानात मागवून घेतलंत. परक्या ठिकाणी वस्तूंची अदलाबदल होते, आपलं म्हणून नाव असलेलं बरं, हे तुमचं तत्त्व. ताटं, वाट्या, डबा, सगळ्यांवर तुमच्या मशीनने नाव घातलंत. मग ती चार्जरची काळी वीट हातात घेतलीत. तिच्यावर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं, ते मध्ये येत होतं म्हणून आधी पॉलिश पेपरने घासून काढलंत (तुमचं काम नेहमीच पक्कं) आणि त्या गुळगुळीत जागेवर कोरलंत, ‘चि. ढब्यास मामा-मामींकडून सप्रेम भेट’. खाली तारीख. मी तेव्हा चहा पीत बघत होतो, म्हणजे गुन्ह्यात मीही आहे.

तर मामा, त्या बारीक अक्षरांत चार्जर किती व्होल्टचा ते लिहिलेलं असतं. इथल्या मोठ्या दुकानातल्या बाईंनी वीट उलटसुलट केली, चष्मा लावला, आणि ही कुठली कंपनी म्हणून विचारलं. काय सांगणार? हरकत नाही, म्हणाल्या, तोच आकडा लॅपटॉपच्या पोटावरही असतो. घरी येऊन बघतो तर तिथे मामीने आपला पूर्ण पत्ता चिकटवलेला, ‘सापडल्यास कृपया’पासून पिनकोडपर्यंत. डिंकाने नाही, तुमच्या पातेल्याच्या कड्या चिकटवायच्या गोंदाने. नखाने, सुरीने, गरम पाण्याच्या फडक्याने प्रयत्न केले. शेवटी पत्ता निघाला तो खालचे आकडे पोटाशी घेऊनच. मग अंदाजाने एक चार्जर आणला, त्याची पिन लॅपटॉपच्या भोकात डोकं घालायलाही तयार होईना. तो परत केला. दुसऱ्याची पिन आत गेली ती इतकी सैल, की धरून बसावं लागे.

तुम्ही म्हणाल, एवढं काय अडलं होतं, खिशात मोबाइल आहे की. आहे. पण मोबाइल हातात धरला की बोलावं लागतं, आणि माझ्याकडे बोलण्यासारखं फारसं नसतं. कामावर जातो, खोलीवर येतो. लॅपटॉपचं तसं नाही. तो ओट्यावर ठेवायचा, तिकडे तुमचा फोन गल्ल्याशेजारच्या डब्याला टेकवून उभा, की मी इथे कांदा चिरतो आणि तिथे गिऱ्हाईक पातेली वाजवतं. मामी मधूनच डोकावून, किती तेल घातलंस, म्हणून ओरडते. तुमचं मशीन टर्रर्र करत कोणाच्या तरी रुखवतावर नाव घालतं. दोन तास कोणी माझ्याशी बोललं नाही तरी चालतं. गेले दोन रविवार मी कांदा चिरला आणि खोलीत सुरीचाच काय तो आवाज. फार एकटं वाटलं, मामा. मग पाव खाल्ला.

तेराव्या दिवशी (दिवसाचा योगही बघा) गल्लीच्या टोकाच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तुमच्याच वयाचा, तुमच्यासारखाच कमी बोलणारा. त्याने लॅपटॉपच्या झाकणावरचं मॉडेल बघितलं, संगणकावर शोधलं आणि खणातून चार्जर काढून दिला. अर्धं मिनिट. इतकी साधी गोष्ट तू कोणाला विचारली नाहीस का, म्हणाला. विचारायला कोणी असतं तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं, हे काही मी त्याला सांगितलं नाही.

जुनी वीट भंगाराच्या पेटीत टाकायला त्याने उचलली. तेवढ्यात त्याचं बोट अक्षरांवरून फिरलं आणि काय लिहिलंय, म्हणून त्याने विचारलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. ढब्या हे नाव मी अकरा महिन्यांत कोणाच्या तोंडून समोरासमोर ऐकलं नव्हतं, तेव्हा ऐकलं तेही माझ्याच तोंडून. वीट मी परत मागून घेतली. बिघडलीय ना, असं तो म्हणाला. हो म्हटलं, आणि पिशवीत टाकली. आता ती माझ्या खिडकीत असते.

मामीला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
ढब्या

ता. क. नवा चार्जर अगदी कोरा आहे. मी सेफ्टी पिनने नाव घालून पाहिलं, ‘ढ’ पर्यंतच जमलं. शाळेतल्या मास्तरांनाही तेवढंच पुरत असे.

ता. क. २. अक्षर बिघडू नये वगैरे खोटं आहे. लॅपटॉप बुधवारपासून ठणठणीत चालू आहे. कॉलवर हे सगळं सांगता आलं असतं. पण तुम्ही ‘बरा आहेस ना?’ विचारता आणि मी तोंड उघडायच्या आत फोन मामीकडे देता. पत्र तसं देता येत नाही, पाकिटावर एकट्या तुमचं नाव आहे. तेव्हा येत्या रविवारी फोन दोन मिनिटं तुमच्याच हातात राहू द्या. बोलला नाहीत तरी चालेल.

आणि अकरा महिन्यांचं उत्तर राहिलंय ते देऊन टाकतो. तितकासा बरा नाही, मामा.