भिंतीपलीकडचा टीव्ही

मंगळवार, मार्गशीर्ष. मी सांगते, नात लिहून राह्यली.

पंचायतीचा एकच टीव्ही होता, तव्हा गावात कुणी गेलं की तीन दिवस त्याच्यावर चादर पडायची. "सरकारनं घरोघर सस्त्यात टीव्ही द्यावा," म्हणून ग्रामसभेत भांडलं कोण? आमचंच म्हातारं! सरकारनं दिला न्हाई, पण लोकांनी आपापला आणला. आता चादर कुणाकुणाच्या टीव्हीवर टाकायची?

आज म्हातारं जाऊन दुसरा दिवस, अन् शेजारी टीव्हीत खदाखदा हसणं चालू. घ्या, म्हणलं, तुमचीच मागणी! द्यावा का मंग सरकारनं घरोघर?

नात म्हणली, "आजी, बंद करायला सांगू?"

"नको गं. राहू दे."

भिंतीला टेकून ऐकत बसले. घरात कुणी तरी बोलायला पाह्यजे.