युसराच्या खोक्यातली घरघर

उमरगा, मंगळवार

आदरणीय आण्णासाहेब यांना बाबामियाँचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. (जो आधी पोचेल तो तुम्ही ठेवा, दुसरा तुळजावहिनींना द्या.) आमच्याकडं सगळे खुशाल आहेत. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? डॉक्टरनं जिना चढू नका सांगितलंय आणि तुम्ही टाकी भरली का बघायला रोज गच्चीवर जाता, हे ढोकीहून येणारी माणसं मला सांगतात, तेव्हा लपवू नका. वहिनींची साखर आटोक्यात असेल अशी आशा करतो. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हांला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं रचता. मागं मी बेगमबीची दाढ काढली म्हणालो, तर तुम्ही दार काढलं असं ऐकून मला सुताराचा नंबर दिलात. म्हणून कागद घेतला.

आमच्या युसराचं तुम्हांला ठाऊक आहे. लातूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली आणि गेल्या साली परत येऊन दुकानाच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. मला वाटलं, लाऊडस्पीकर दुरुस्तीला जोडीदार मिळाला, आता म्हातारपण सुखाचं. तर ती खोके करायला लागली. खोका म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा, पत्र्याचा, वर तीन फिरवायची बटणं आणि खाली पायानं दाबायची कळ. बेस गिटार म्हणून एक वाद्य असतं, चार जाड तारांचं, खर्जात बोलणारं. ते वाजवणारे हा खोका पायाशी ठेवतात. कळ दाबली की गिटारीचा साफ आवाज फाटतो. त्याला फझ म्हणतात. आपण त्याला घरघर म्हणतो, आणि ती काढायचे मी चाळीस वर्षं पैसे घेतोय. माझी मुलगी ती घालायचे घेते, आणि माझ्यापेक्षा जास्त घेते. (आकडा लिहीत नाही, तुम्हांला बीपी आहे.) महिन्याला चार-पाचच करते, सगळे हातानं. वर 'डांबर' असं नाव मराठीत रंगवते. पुण्या-बंगळूरची माणसं त्या नावावरच निम्मी खूश होतात.

आता जे घडलं ते सांगतो. गेल्या महिन्यात युसरा आणि तिची आई बेगमबी बसवकल्याणला लग्नाला गेल्या. जाताना युसरा म्हणाली, "अब्बा, हा एक खोका तयार आहे. कुरिअरवाला आला की द्या. उघडू नका." खोका पुण्याच्या कृष्णराज नावाच्या मुलाचा होता. तो बेस गिटार वाजवतो, हैदराबादेत त्याचा पहिला मोठा कार्यक्रम होता आणि त्यासाठी त्यानं तीन महिने वाट पाहिली होती. मी न उघडताच देणार होतो, खरंच. पण आण्णासाहेब, या दुकानातून तपासल्याशिवाय कधी काही बाहेर गेलंय का? म्हणून नुसता तपासायला खोका जोडला आणि त्यातून रेडिओवरच्या बातम्या सोडल्या. बातम्या देणारी बाई खडी मशिनीत उभी राहून बोलतेय असं ऐकू आलं. घरघर असते हे मला ठाऊक होतं, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं. पोरीच्या हातून चूक राहिली, परगावी तिची बदनामी होणार, असंच मनात आलं.

मग मी उघडला. आत दोन डायोड उगाचच अर्थला टेकवलेले दिसले. ते काढले. आवाज जास्तच चढवला होता, तो एक रेझिस्टर घालून खाली आणला. नंतर एक कंडेन्सर घातला, सोल्डरचे चार टाके नव्यानं मारले. दिवस कलताना असरची नमाज होईपर्यंत आवाज असा नितळ झाला, की बातम्या देणाऱ्या बाईचा श्वास ऐकू यायला लागला. 'दोष काढला आहे' अशी चिठ्ठी आत घातली, खोका कुरिअरवाल्याला दिला आणि जाऊन चहा प्यालो. इतका गोड चहा बऱ्याच दिवसांत प्यालो नव्हतो.

चौथ्या दिवशी दुकानात फोन आला. युसरा अजून बसवकल्याणातच होती.

"काका, मी कृष्णराज. खोका मिळाला, पण आवाज फाटत नाही."

"आता फाटणार नाही बेटा. मी स्वतः दोष काढलाय."

"पण काका, फाटायला पाहिजे."

"किती?"

तो म्हणाला, "होता तेवढा." मुलगा फार सभ्य. एक शब्द वाकडा बोलला नाही, म्हणून तर मला जास्त लाज वाटली.

युसरा परत आल्यावर चिडेल म्हणून मी तयारीत होतो. ती चिडली नाही. नुसती टेबलापाशी बसली आणि म्हणाली, "अब्बा, तो आवाज शोधायला मला चार महिने लागले." एवढंच. बेगमबीनं मात्र उरलेलं सगळं बोलून घेतलं. मी म्हणालो, होतं तसं करून देतो. युसरा म्हणाली, ते दोन डायोड कुठं आहेत? आवाज तेच फाडत होते, जुने, दोनशेतून निवडलेले. आण्णासाहेब, ते मी केरात टाकले होते. मग स्पीकरचं मोठं लोहचुंबक दोरीला बांधलं आणि दुकानामागचा केर त्यानं दोन तास विंचरला. चौसष्ट वर्षांचा माणूस उकिरड्यावर लोहचुंबक फिरवतोय हे बघायला निम्मा उमरगा जमला. एक डायोड खिळ्यांमध्ये मिळाला. दुसरा बिडीच्या थोटकाखाली.

कृष्णराजची मंडळी शुक्रवारी गाडी करून पुण्याहून हैदराबादला निघाली होती. रस्ता आमच्या दारावरूनच जातो. त्यांनी दुपारी गाडी थांबवली, खोका दिला, आणि युसरानं तासाभरात आतलं सगळं पूर्ववत केलं. माझ्या दुकानातल्या भोंग्यावर खर्ज काय कळणार? म्हणून समोर माणिकप्पा मंडपवाल्याच्या गोदामात, त्याच्या वरातीच्या स्पीकरवर गिटार जोडली. कृष्णराजनं कळ दाबली आणि एक तार छेडली. गोदामाचं शटर थरथरलं. हायवेवर उभ्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, बॉनेट उघडून आत बघत राहिला. माणिकप्पा म्हणाला, माझा स्पीकर गेला. गेला नव्हता. मुलं एकमेकांकडं बघून हसत होती, युसरा डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकत होती. मी ऐकतो तशी. हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

मीही डोळे मिटले. पहिल्यांदा नुसताच गोंगाट वाटला. मग त्याच्या तळाशी सूर सापडला, जाड, सरळ, जागचा न हलणारा. आवडला असं म्हणणार नाही, पण खोटा नव्हता. आणि मग मला दुसरं काहीतरी ऐकू आलं. "युसरा, यात एक घरघर जास्त आहे."

"अब्बा, ती पाहिजेच."

"पाहिजे ती जाड आहे. ही बारीक आहे, मागून येतीय. लाइटची आहे. वाजवणं थांबवलं तरी राहील बघ."

कृष्णराजनं तारेवर हात ठेवला. सगळं थांबलं आणि ती बारीक गुणगुण तेवढी राहिली. कुणालाच आधी ऐकू आली नव्हती. युसरानं खोका उघडला, अर्थची तार बोटानं हलवली. टाका कच्चा होता. तो माझ्याच हातचा, दुरुस्तीच्या दिवशीचा. तिनं टाक्याचा आकार बघून ओळखलं. नव्यानं टाका मारला आणि म्हणाली, "आता ऐका." गुणगुण गेली होती आणि ती जाड घरघर एकटीच उभी राहिली होती. कृष्णराज माझ्या पाया पडला. टाका माझा होता हे मी त्याला सांगितलं नाही.

शनिवारी रात्री त्यानं हैदराबादेतून फोन केला. गोंगाटात एक अक्षर कळलं नाही, म्हणजे कार्यक्रम चांगला झाला असणार. तेव्हापासून प्रत्येक खोका माझ्या कानाखालून जातो. युसरा म्हणते, अब्बा, तुम्हांला आवडलाच पाहिजे असं नाही, नको ती घरघर तेवढी सांगा. दुपारी आम्ही दोघं टेबलाला बसतो, बेगमबी दार लावून घेते. लई बरं चाललंय. वहिनींना सलाम, गुडघ्याला तेल.

तुमचा
बाबामियाँ

ता. क. एक काम होतं. तुमच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेला रेडिओ अजून कपाटावर असेल. बंदच आहे, तर पाठवून द्या. त्यात जुने जर्मेनियमचे चार ट्रान्झिस्टर आहेत. तसे आता मिळत नाहीत आणि युसराला पाहिजेत. वहिनींना सांगायची घाई करू नका.

दुसरा ता. क. युसरानं वरचं वाचलं आणि म्हणाली, पत्र खरं लिहायचं तर पूर्ण लिहा. तर लिहितो. ते चार ट्रान्झिस्टर त्यात नाहीत. अठ्ठ्याऐंशी साली तुम्ही रेडिओ दुरुस्तीला आणलात तेव्हा मी ते काढून एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या सेटात घातले आणि तुमच्यात बाजारातले हलके बसवले. पुढं तीस वर्षं तुम्ही आवाज घरघरतो म्हणत होता आणि मी ते तुमच्या ढोकीच्या साखर कारखान्याच्या मोटारींवर ढकलत होतो. माफ करा. पण रेडिओ पाठवाच. तुमची तक्रार मी युसराला सविस्तर सांगितली, आणि तिला आता तेच हलके चार पाहिजेत.